इटालीला बांधलेलं दावं

लिंबाजी, तुझ्या तेरवीच्या पंगती उठत होत्या तेव्हाच डोंगरकडा गावाहून निरोप आला. तिथल्या शेळ्याबोकडांच्या व्यापाऱ्यानं, गफूरचाचानं, जीपवाल्याजवळ सांगून पाठवलं होतं, की लिंबाजीचं दावं अजून गाडीला बांधलेलं आहे. एक तर कुणीतरी येऊन ते सोडा, नाहीतर गाडी घेऊन जा. हातात खरकट्या पत्रावळी घेऊन मी तसाच उभा राहिलो. तेरा दिवस मी हेच करत होतो, लाकडं आणली, मांडव घातला, पाहुण्यांना स्टँडवरून आणलं. तू गेलास हे दहा गावांना मीच सांगितलं. पण मला स्वतःला ते खरं वाटलं त्या निरोपानं. दावं सोडायला तू येणार नाहीस म्हणून तर मला बोलावलं होतं.

आपल्याकडं बाजारात जनावर पसंत पडलं, बोलणं झालं, की घेणारा आपलं दावं त्याच्या गळ्यात अडकवतो. मग ते जनावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. मन फिरलं तर ज्यानं बांधलं त्यानंच येऊन सोडायचं, किंवा त्याच्या घरच्यानं. विकणाऱ्यानं त्या गाठीला हात लावायचा नाही. हे मी तुला काय सांगतोय? तूच मला शिकवलेलं. पण शेळ्यांचं दावं मोटारसायकलच्या हँडलला बांधून येणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात तू एकटाच असशील, आणि ते मानणारा गफूरचाचाही एकटाच.

तू गेलास तो दिवस अजून माझ्या डोक्यात नीट बसत नाही. सेनगावातल्या माझ्या दुकानात मी एका शेतकऱ्याच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारीत नवी तार भरायला घेतली होती. तुझ्या साखरा गावचा जीपवाला दारात येऊन उभा राहिला. तुझी-माझी बोलाचाली झालेली, त्यामुळं मी मान वर न करताच त्याला म्हणालो, "बरं झालं आलास. लिंबाजीला सांग, रविवारी मी येत नसतो. ती इटाली गाडी त्याची त्याला लखलाभ."

तो म्हणाला, "परसराममामा, कुणाला सांगू?"

मी वर बघितलं. तो रडत होता.

"दुपारी माळावर. झाडाखाली बसल्या जागी. शेळ्या आपल्या आपण घरी आल्या, तवा कळलं."

मी काय म्हणालो ठाऊक आहे? "सकाळी तर चांगला होता." सकाळी मी तुला बघितलंही नव्हतं. चार दिवसांत बघितलं नव्हतं. तरी तसं म्हणालो, आणि खाली बसून मोटारीची राहिलेली तार भरायला लागलो. दोन फेरे भरले. तिसऱ्या फेऱ्याला जीपवाल्यानंच मला दंडाला धरून उठवलं.

चौथ्या दिवशी घडीभर दुकानात गेलो, तर एक गिऱ्हाईक बोकड घेण्याविषयी काहीतरी विचारत होतं. मी त्याला म्हणालो, "थांबा, लिंबाजीला विचारून सांगतो."

आपण दुसरीपासून एका तरटपट्टीवर. म्हणजे बसायला तू माझ्याजवळ, पण अर्धा वेळ वर्गाच्या बाहेर, कारण तुझ्या शेळ्या शाळेच्या कुंपणात शिरायच्या. गुरुजी मारायचे तुला आणि शेळ्या खायच्या शाळेची मेंदी. दहावीला आपण दोघंही पडलो. मी मोटारी भरायला शिकलो आणि तू घरच्या शेळ्यांमागं गेलास. तुझ्यात काय होतं कोण जाणे, कळपातली कुठली शेळी आज कमी चरली ते तुला पाठमोऱ्या बसल्या बसल्या कळायचं. मी तुला चिडवायचो, की असं ध्यान पुस्तकात दिलं असतंस तर तहसीलदार झाला असतास. तू म्हणायचास, "तहसीलदाराला कोण इतक्या आवडीनं चाटतं रं?"

आणि तुझा तो नियम. विकताना खोड आधी सांगायची. सेनगावच्या बाजारात तू एक काळी शेळी घेऊन उभा होतास. गिऱ्हाईक आलं की ते काही विचारायच्या आत तुझं सुरू, "हिच्या आचळाचा एक सड बंद हाय. पोटाला चांगली हाय, पर दुधाला निम्मीच." माणसं हसून पुढं जायची. तीन बाजार ती शेळी तू नेलीस आणि तीन बाजार परत आणलीस. मी वैतागून म्हणालो, "अरे बाबा, घेणाऱ्याला डोळे हायेत ना?" तू म्हणालास, "खोड माहीत असली की माणूस जनावराला सांभाळून घेतो. माहीत नसली की मारतो." चौथ्या बाजारी एका म्हातारीनं ती शेळी नेली, निम्म्या दुधाचीच हवी होती तिला, एकटीच राहायची. तेव्हा तू माझ्याकडं असं बघितलंस की मला तुझं थोबाड फोडावंसं वाटलं.

हे एवढं सगळं मला शिकवलंस. लक्षात ठेव, मी पुढं त्यावरच भांडणार आहे.

ती गाडी आपण पहिल्यांदा बघितली गेल्या दिवाळीनंतर. डोंगरकड्याला एका केळीवाल्याची विहिरीतली मोटार जळाली होती, ती काढायला मी निघालो होतो आणि गफूरचाचाकडं एक बोकड बघायचंय म्हणून तूही जीपमध्ये चढलास. बोकड राहिलं बाजूला. चाचाच्या गोठ्यात कडब्याच्या आडोशाला ताडपत्री होती, तिच्याखालून लाल टाकी दिसत होती. चाचानं ताडपत्री ओढली. अशी गाडी आपल्या भागात मी कधी बघितली नव्हती. लांबुडकी, खाली वाकलेली, टाकीवरची अक्षरं उडालेली. त्याचा मेव्हणा हैदराबादला कुण्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेब गेले, गाडी पडून राहिली, ती फिरत फिरत डोंगरकड्याला शेळ्यांच्या शेजारी आली. इटाली देशाची आहे, एवढंच चाचाला ठाऊक. म्हणून तिचं नावच इटाली.

तू हात लावायच्या आधी चाचा म्हणाला, "पहले ऐब सुन लो, भई. गरम हुई के बैठ जाती. दस-बारा किलोमीटर चली, बस. आधा घंटा ठंडी होने दो, फिर चलती. झूट नै बोलता मैं."

तुझा चेहरा असा उजळला, की तिथंच मला कळायला हवं होतं हा गडी गेला हातचा. विचारायच्या आत खोड सांगणारा माणूस तुला जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

मग तू गाडीभोवती फिरलास. तिच्या पाठीवर हात ठेवलास, टायर दाबून बघितलेस, टाकीला कान लावलास. मी म्हणालो, "दात बघ की."

"दात तू बघ. मी चाल बघून राहिलो."

चाल बघायला आपण वारंगा फाट्याच्या रस्त्यानं निघालो. मी चालवत होतो, तू मागं. आवाज काय होता लिंबाजी! मी आयुष्यभर बिघडलेल्या यंत्रांचे आवाज ऐकले. हा आवाज बिघडलेल्या यंत्राचा वाटतच नव्हता. मग हळूहळू तो जड झाला, घशात काही अडकल्यासारखा, आणि एका निंबापाशी गाडी थांबली. तू म्हणालास, "बघ, आधी सांगती बिचारी." आपण सावलीला बसलो. मी सारखं घड्याळ बघत होतो, केळीवाला वाट बघत होता. तू मात्र पाय पसरून बसलास आणि बोलत सुटलास. तुझा बाप शेवटच्या दिवसांत शेळ्यांना नावानं हाक मारायचा आणि तुला विसरला होता, हे तू मला त्या निंबाखाली सांगितलंस. तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस. एवढा निवांत बसलेला मी तुला कधी बघितला नव्हता. आज मी त्या अर्ध्या तासाला हात जोडतो. तेव्हा मात्र म्हणालो, "चल उठ, गार झाली."

मला त्या इंजिनाचं दुखणं पहिल्या दिवशीच समजलं होतं. तेल वरपर्यंत चढत नाही, पिस्टन तापून फुगतो आणि जाम होतो. मी तुला चहाच्या टपरीवर स्वच्छ सांगितलं, "अशी घेऊ नको. आधी चाचाकडून इंजिन उतरवून आणू. पिस्टनचं काम नांदेडला लेथवर करून घेतो, तेलाचा पंप मी खोलतो. तुला एक पै द्यावी लागायची न्हाई. मंग घे आणि मंबईपर्यंत जा."

"नको. हाय तशी ऱ्हाऊ दे."

"काहून?"

"हाय तशीच बरी हाय ती."

महिनाभर हेच. मी चित्रं काढून दाखवली, पिस्टन असा, तेल असं. तू मान डोलवायचास आणि शेवटी, "ते बराबर हाय तुझं. पर राहू दे." मला वाटलं तुझा माझ्या हातावर भरवसा नाही. अख्ख्या तालुक्यातली माणसं जळलेल्या मोटारी डोळे झाकून माझ्याकडं टाकतात आणि माझाच जिवलग मला म्हणतो, राहू दे. मला ते फार लागलं. हे तुला मी कधी बोललो नाही, रागाच्या खाली झाकून ठेवलं. आता सांगतो.

त्यात तू मला न सांगता एकटा डोंगरकड्याला गेलास आणि दावं बांधून आलास. आपली शेवटची भेट ती. सेनगावच्या स्टँडवर तू मला गाठलंस, हसत होतास. "बांधलं बाबा. रविवारी संगट चल, घेऊन येऊ. मला कुठं चालवता येती?"

"चालवता येत न्हाई आन् घेऊन राहिलास? एवढी कसली घाई हाय तुला?"

"हाय जराशी."

"दुरुस्त करून देतो म्हणतो तर नको. मंग बस जलमभर झाडाखाली!"

तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू हसलास. म्हणालास, "बसतो की." आणि जीपकडं निघालास. वाटेत पानटपरीपाशी उभा राहिलास, बराच वेळ, टपरीवर लटकवलेल्या पुड्या वाचत. तू पान खात नाहीस. मला तेव्हा तेही खुपलं, मला दाखवायला रेंगाळतोय असं वाटलं. मी पाठ फिरवली. चार दिवसांनी तू खरोखर झाडाखाली बसलास. लिंबाजी, माझ्या तोंडून गेलेला तो शब्द मी कुठून परत आणू?

पाचव्या दिवशी सुमनवहिनींनी मला आत बोलावलं. ट्रंकेतून एक मोठं पाकीट काढून पुढं ठेवलं. नांदेडच्या डॉक्टरांचे कागद होते, दीड वर्षांपूर्वीचे. मला त्यातलं एवढंच वाचता आलं की तुझ्या काळजाची झडप लहानपणच्या तापापासून खराब होती.

"तुमाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय. ऑपरेशन सांगितलं होतं, तर म्हणले सुगी झाल्यावर बघू. चढाला जाऊ नका, दम लागला की थांबा, असं डॉक्टर बोलले होते. आन् मला शपथ घातली, भावजी. परसरामला सांगायचं न्हाई म्हणले."

"माझ्यापासून काहून लपवलं?"

वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि त्यातच त्यांना थोडं हसूही आलं. "म्हणले, त्याला कळलं तर तो मला खोलून दुरुस्त करत बसंल. मंग गप्पा कोण मारंल माझ्यासंगट?"

मी तिथून उठलो आणि गोठ्यात जाऊन तुझ्या शेळ्यांमध्ये उभा राहिलो. तुझ्यावर इतका राग मला उभ्या जन्मात आला नव्हता. बंद सडाची शेळी तीन बाजार परत आणणारा तू! भर बाजारात अनोळखी माणसाला ओरडून खोड सांगणारा तू, आणि माझ्यापासून लपवलीस? मी तुला सांभाळून घेतलं नसतं का? की तुला खरंच वाटलं, मी नुसता पाना घेऊन बसेन? आणि सगळ्यात वाईट हे, की मी आवाजावरून मोटारीचं बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलंय ते सांगतो. तू तीस वर्षं माझ्याशेजारी श्वास घेत होतास. मला काही ऐकू आलं नाही. शेळ्या माझ्या हाताला हुंगत होत्या आणि तुझा वास येत नाही म्हणून तोंड फिरवत होत्या.

तर तेरवीला निरोप आला. वहिनी म्हणाल्या, "तुमीच सोडून या, भावजी. घरचं म्हणून."

परवा गेलो. चाचानं मला बघितलं आणि आधी पाणी दिलं. गाडी गोठ्यातच होती, पण धुतलेली. हँडलला तुझं दावं, तुझ्या हातानं वळलेलं, लाल चिंधी गुंफलेलं. चाचा लांब उभा राहिला. "दो गिऱ्हाईक आए थे," तो म्हणाला. "मैं बोला, बंधी हुई है."

गाठ सुटायला वेळ लागला. शेळी सुटू नये म्हणून तू मारायचास ती गाठ, ओढली की आणखी घट्ट होणारी. दावं सुटलं, हातात आलं, आणि हँडल रिकामं झालं. रीतीप्रमाणं व्यवहार मोडला होता. आता जीप पकडायची आणि घरी जायचं. आणि मी चाचाला विचारलं, "पुढच्या बाजारापर्यंत चाल बघायला नेऊ का?" जनावर नेतात तसं.

चाचा म्हणाला, "तेरी ही है, ले जा. लेकिन ऐब मालूम है ना?"

"मालूम आहे," मी म्हणालो. मनात म्हटलं, घरी नेतो, खोलतो, पिस्टन करतो, एकदा नीट करून दाखवतो तुला. बघ म्हणावं. मेल्यावरही मला तुझ्याशी जिंकायचं होतं.

दावं खांद्यावर टाकलं आणि कळमनुरीच्या रस्त्याला लागलो. दहा-अकरा किलोमीटर ती छान चालली. मग आवाज जड झाला. मी रस्त्याकडेच्या एका बाभळीखाली तिला थांबवलं आणि खाली बसलो. इतके दिवस माणसांत होतो. रडायला एकटेपण तिथं पहिल्यांदा मिळालं, आणि मी पोटभर रडलो.

इतक्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल थांबली. "काय झालं गाडीला?"

"गरम झाली. गार होऊन राहिली."

"व्हय का? मोठी हाय, तापणारच." त्यानं टाकी बघितली, सायलेन्सर बघितला, कुठली कंपनी म्हणून विचारलं, मान हलवली. माझे डोळे सुजलेले, गाल ओले, खांद्यावर शेळीचं दावं, आणि त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. "बसा मंग निवांत," म्हणाला आणि गेला.

तो गेला आणि मी गाडीकडं बघत राहिलो.

गाडी थांबली की लोक गाडीकडं बघतात, लिंबाजी. माणूस काहून थांबला ते कुणी विचारत नाही. साखऱ्याचा माळ चढताना दर वेळी तुझ्या पायात काटा मोडायचा. मी म्हणायचो, "सगळे काटे तुझ्याच पायाची वाट बघतात रं!" आणि तू खाली बसून वहाण काढायचास, बराच वेळ तळवा तपासायचास. मला एकदाही काटा दाखवला नाहीस. स्टँडवरची ती पानटपरी. तू माझ्यासाठी रेंगाळत नव्हतास, तुला जीपपर्यंत पोचवत नव्हतं. कुणाला न कळता थांबायला तू वर्षानुवर्षं कारणं शोधत होतास, आणि डोंगरकड्याच्या गोठ्यात तुला एक आयतं कारण सापडलं, जे दर दहा किलोमीटरला सगळ्या जगादेखत थांबलं असतं, आणि मला तुझ्याशेजारी बसायला लागलं असतं. मी तेच दुरुस्त करून द्यायला निघालो होतो. वरून फुकट.

दावं खांद्यावरून काढलं आणि परत हँडलला बांधलं. तुझी गाठ मला येत नाही, माझी साधीच बांधली. तिच्या पिस्टनला मी हात लावणार नाही.

अर्धा तास होऊन गेला होता. इंजिनाला हात लावून बघितला, गार झालं होतं. तरी मी आणखी थोडा वेळ बसलो.